चाळीच्या खोलीतील परसबाग

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही "घरात डब्यात लावलेली कोथिंबीर" असे उत्तर दिले. ते ऐकून चालकांपैकी एकाने नम्रपणे सुचविले की, कामगार चळवळीवर काही बोलता आले तर श्रोत्यांस अधिक आवडेल. आम्ही म्हटले, "तेच बोलणार आहोत." न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून ह्या प्रकारच्या व्यासपीठावर विषयांची बंदी कधी नव्हती, ह्या आधारावर आमचा विषय मंजूर झाला. जे बोललो तेच येथे थोडे नीटनेटके करून देत आहोत.

रत्नागिरीत हा विषय विचित्र वाटणारच. ज्याच्या घराला पुढे खळे आणि मागे परस आहे, तो घरात डब्यामध्ये कशाला पेरील? आमच्याकडच्या जुन्या घराची रचनाच अशी की, न्हाणीचे व भांडी घासल्याचे पाणी वाया म्हणून जात नसे. ते एका पाटाने मागे जाई. पाटाच्या तोंडाशी केळ, पुढे अळू, त्याच्या कडेने हळद आणि आले, थोडे लांब गवती चहाचे ठोंब, कुंपणाला अडुळसा, आणि विहिरीजवळ कढीलिंब. पुढल्या दारी तुळस. पावसाळा संपून भात कापले गेले की विहिरीजवळच्या दोन वाफ्यांत कोथिंबीर व मेथी पडे, ती फाल्गुनापर्यंत टिके. आषाढ-श्रावणात मात्र आमच्या पावसात कोथिंबीर उभी राहत नाही. दोन दिवसांच्या धारेत ती आडवी होऊन कुजते. त्या दिवसांत घाटावरून आलेली जुडी महाग घ्यायची, नाही तर ओव्याच्या पानांवर भागवायचे.

ह्या परसबागेचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. खोताच्या वहीत नारळ आहे, पोफळ आहे, भाताचा मक्ता आहे, कोथिंबीर नाही. ज्या पिकावर सारा बसत नाही त्याची नोंद सरकार ठेवत नाही, आणि जे पीक बायका काढतात त्याची नोंद घरचा कर्ताही ठेवत नाही. आमच्यासारख्या शाळा अर्धी टाकलेल्या माणसाला वाचनालयात बसून इतिहास धुंडाळताना हे फार लवकर कळले. जो इतिहास आपल्याला हवा असतो तो नेमका कपाटाबाहेर राहिलेला असतो.

ह्याच घरातली आणखी एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. कोकणी घराचे माजघर अंधारे. चारी बाजूंनी पडव्या उतरलेल्या, पावसाच्या भीतीने खिडक्या लहान. म्हणून छपरात मध्येच एक काचेचे कौल बसवीत. त्या कौलातून येणारा उजेडाचा चौकोन दिवसभरात माजघराच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर सरकत जाई, आणि घड्याळ नसलेल्या घरात म्हातारी माणसे त्याच्यावर वेळ सांगत.

आता ह्या घरातून माणूस मुंबईस कसा गेला ते पाहू. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली. पुढल्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा भाग गिरण्यांनी भरला, आणि त्या चालविण्यासाठी जी माणसे गेली त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा होता. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही आला. तो १९८१ साली वेगळा झाला. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकवस्ती पावणेबारा लाखांच्या घरात होती, आणि तीत सुमारे पाचवा हिस्सा रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांचा होता. मुंबईत रस्त्याने चालताना भेटणाऱ्या दर पाच माणसांतला एक आमच्या मुलखातला! ही माणसे बोटीने गेली. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशा बंदरांवर पडावातून बोटीपर्यंत जायचे, आणि पेटी व वळकटी सांभाळीत भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणून जो काही वानवळा मुंबईस जायचा तो पावसाच्या आधी किंवा दिवाळीच्या नंतर.

गेलेली माणसे बहुतेक पुरुष. त्याच १९२१ साली मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया साडेपाचशेदेखील नव्हत्या. एका गावचे वीस-पंचवीस जण एक खोली भाड्याने घेत, पाळीपाळीने झोपत, आणि जेवायला एखाद्या खाणावळीणबाईकडे जात. ही खाणावळीणबाई म्हणजे गिरणगावची खरी कोठारीण. तिचा नवरा गिरणीत असे, किंवा गिरणीने त्याला खाऊन टाकलेले असे; ती दहा-पंधरा माणसांचे दोन वेळचे रांधी व महिन्याच्या पगाराला पैसे घेई. संप झाला की उधारीवर घाली. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. त्या सहा महिन्यांत पुढाऱ्यांनी भाषणे केली हे इतिहासात आहे, पण कामगार जेवले कोणाच्या जिवावर हे इतिहासात फारसे नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून ह्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात उभे केले, तेव्हा कुठे त्यांची नावे कागदावर आली.

अशा बाईच्या खोलीत आम्ही परसबागेचा पत्ता लावतो. गावाहून येणाऱ्याच्या पेटीत तांदूळ, कुळीथ, आमसुले असत, आणि कोपऱ्यात चिंधीची एक पुरचुंडी असे. तिच्यात राखेत घोळलेले मेथीदाणे, मिरचीचे बी, तुळशीच्या वाळल्या मंजिऱ्या. आमच्या आजीने आईला अशी पुरचुंडी दिलेली आम्ही स्वतः पाहिली आहे. जमीन नेता येत नव्हती. बी नेता येत होते.

पेरायचे कशात? रॉकेलच्या डब्यात. हा चौकोनी, चार गॅलनांचा पत्र्याचा डबा गरिबांच्या संसारात जितक्या कामांस आला तितक्या कामांस दुसरी कोणतीच वस्तू आली नसेल. पाणी भरायला तो, धान्य ठेवायला तो, फोडून सपाट केला की झोपडीची भिंत तो, आणि आडवा कापला की दोन वाफे तयार. रत्नागिरीकराने ह्या डब्याकडे पाहताना एक गोष्ट आठवावी. ब्रह्मदेशातील सागवानाच्या ओंडक्यांवरून मुंबईच्याच एका व्यापारी कंपनीचा राजा थिबाशी तंटा झाला. त्याचे निमित्त करून इंग्रजांनी १८८५ साली मंडाले घेतले, आणि १८८६ साली थिबाला आणून रत्नागिरीत ठेवले. त्याच १८८६ साली ब्रह्मदेशातील तेल काढण्यासाठी बर्मा ऑइल कंपनी स्थापन झाली. राजा येथे टेकडीवरच्या राजवाड्यात समुद्राकडे पाहत १९१६ साली वारला. त्याच्या देशातले तेल गिरणगावात चिमणीत जळले. उरलेल्या डब्याला खिळ्याने खाली पाच भोके पाडून आमच्या बायकांनी त्यात धने टाकले. इतिहासाची सांगड अशीही बसते.

आता धन्याविषयी थोडे विस्ताराने बोलू. खोलीत बियांपासून जे उगवायचे त्यांत धने हे सर्वांत जुने आणि सर्वांत हट्टी. पाणिनीच्या अष्टाध्यायीत कुस्तुंबुरु ह्या शब्दाच्या सिद्धीसाठी एक स्वतंत्र सूत्र आहे. कुस्तुंबुरु म्हणजे धने. आमचा कोथिंबीर हा शब्द त्याच कुळातला. मिसरात तूतनखामेन राजाचे थडगे १९२२ साली उघडले, त्यात तेहतीसशे वर्षांपूर्वी ठेवलेले धने निघाले. ग्रीस व क्रीट येथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरील लिपी मायकेल व्हेंट्रिस या इंग्रज तरुणाने १९५२ साली उलगडली. तो शिक्षणाने वास्तुशिल्पी, भाषापंडित नव्हे, म्हणून आम्हांला त्याचे विशेष प्रेम. त्या पाट्यांत काव्य निघेल अशी पंडितांची आशा होती. निघाले काय, तर कोठाराचे हिशेब: कोणाला किती शिधा, किती लोकर, आणि किती धने. धन्याचे नाव तेथे को-रि-य-द-न असे जवळजवळ आजच्या इंग्रजी नावासारखेच आहे.

एवढा जुना हा दाणा, पण त्याची एक खोड पुष्कळांना ठाऊक नसते. ज्याला आपण एक धना म्हणतो ते एक बी नव्हे. ते फळ आहे, आणि त्यात दोन बिया समोरासमोर चिकटलेल्या असतात. आख्खा धना पेरला तर तो रेंगाळत उगवतो, कधी मुळीच नाही. म्हणून धने पाट्यावर पसरून वरवंटा हलकेच फिरवायचा, असा की दाणा दुभंगावा पण चिरडू नये. मग रात्रभर पाण्यात भिजत घालायचे. सकाळी निथळून, अर्धे बोट खोल पेरायचे आणि वर बारीक माती व थोडे शेणखत. आठ ते बारा दिवस काही दिसत नाही. ह्याच दिवसांत नवशिका माणूस डबा उकरून पाहतो, आणि सर्व नासतो. बाजारातले सगळेच धने उगवत नाहीत. जुने असतात, भाजलेले असतात. म्हणून आधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे. त्यांतले सहा-सात मोडले तर पेरावे, नाही तर आमटीत घालावे.

मेथीला एवढे लाड लागत नाहीत. रात्री भिजवली, सकाळी दाट पेरली, तिसऱ्या दिवशी वर. मुंबईच्या किनाऱ्यालगत रेतीत दाट पेरून कोवळी उपटलेली मेथी लहान लहान जुड्यांनी विकतात, तिला समुद्रमेथी म्हणतात. ही निराळी जात नव्हे, तेच दाणे. ज्याच्याजवळ माती नाही त्याने रेती घ्यावी, हा धडा चाळीला तेथूनच मिळाला असावा असा आमचा तर्क आहे. तुळशीचे बी राईच्याही निम्मे. ते पुरायचे नसते, ओल्या मातीवर नुसते भुरभुरावे. बीला उजेड दिसला पाहिजे. पुदिना, गवती चहा आणि ओव्याची पाने ह्यांच्या बियांच्या नादी कोणी लागू नये. पहिला बाजारातल्या जुडीच्या काडीपासून, दुसरा ठोंबापासून, तिसरा फांदीपासून. येथे एक घोटाळाही सांगावा. ज्याला आपण ओव्याची पाने म्हणून भज्यांत घालतो ते झाड ओव्याचे नव्हेच. डब्यातला ओवा हे कोथिंबिरीच्या कुळातले बी. पाने देणारे झाड तुळशीच्या कुळातले. वास तेवढा सारखा. मिरची तर ह्या देशाचीही नव्हे. ती पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेहून आली, आणि आज तिच्यावाचून मालवणी मसाल्याची कल्पनाही करवत नाही. परकी माणसे इतक्या लवकर आपली होत नाहीत, हे जाता जाता.

बी, डबा, माती, पाणी एवढे जमले म्हणजे बाग जमली असे जो समजेल तो चाळीत राहिलेला नाही. चाळीत ह्यांपैकी काहीच अडत नाही. अडतो तो उजेड.

आमचे लहानपण परळ भागातल्या एका चाळीत गेले. दुसरा मजला, मागची रांग. खिडकी घरगल्लीवर उघडे. घरगल्ली म्हणजे दोन चाळींच्या पाठींमधली सांडपाण्याची चिंचोळी वाट. खिडकीतून हात लांब केला तर समोरच्या चाळीची भिंत बोटांना लागे. आई खिडकीच्या फळीवर डबा ठेवी. धने उगवत, चांगले उगवत; पण चार दिवसांत त्यांचे देठ दोऱ्यासारखे लांब, पांढुरके होऊन गल्लीच्या वरच्या टोकाकडे, जेथे आभाळाची एक पट्टी दिसे तिकडे, वाकत आणि मान टाकीत. मग आईने रीत घातली. सकाळी बाबा पाळीवरून आले की डबा पुढल्या सज्जात न्यायचा, आणि संध्याकाळी नळ यायच्या आधी आत आणायचा. सज्जा सर्वांचा. खालच्या मजल्यावरच्या काकू वरून हाक मारल्यासारख्या खालून ओरडत, "वैनी, तुमची कोथिंबीर आमच्या पापडांवर गळतेय!" आई डब्याखाली ताट ठेवी, ताटात पाणी साचे, डास होत, मग ताट काढी, आणि पुन्हा पापडांचे भांडण. ह्या भांडणाचा निकाल आमच्या हयातीत लागला नाही, पण कोथिंबीर दोन्ही घरांच्या कालवणात पडे.

देठ वाकतात का, ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पुढे पुष्कळ वर्षांनी वाचनालयात मिळाले. चार्ल्स डार्विन व त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग केले आणि १८८० साली ते प्रसिद्ध केले. कोंबाच्या टोकावर टोपी घातली तर तो उजेडाकडे वळत नाही. टोक उघडे ठेवून खालचा भाग झाकला तर वळतो. म्हणजे उजेड कळतो टोकाला, आणि वाकतो खालचा देठ. अंधारात बी स्वतःच्या पोटातली शिदोरी खर्चून लांब लांब जाते, उजेड गाठण्याची ती धडपड असते. शिदोरी संपण्यापूर्वी उजेड भेटला तर ते हिरवे होते. कोथिंबिरीला दिवसाकाठी चार-पाच तास तरी ऊन लागते. खिडकीपासून दोन हात आत सरकले की माणसाच्या डोळ्याला फरक कळत नाही, रोपाला कळतो.

आता ह्याच उजेडाचा मुंबईच्या दप्तरातला इतिहास पाहा. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग दिसला. रोग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा कळलेले नव्हते. अंधार, ओल आणि कोंदट हवा हेच कारण धरले गेले. म्हणून सरकारी पथके चाळींत शिरली, छपरांची कौले काढली, भिंतींना भोके पाडली, आणि राहण्यास अयोग्य म्हणून खोल्यांवर खुणा केल्या. उपाय चुकीच्या कारणावर होता आणि जुलमाने केला गेला. पण खोली अंधारी आहे, हे सरकारने प्रथमच पाहिले. क्षयाचे जंतू उन्हात मरतात हे कॉख यांनी १८९० साली सांगितलेलेच होते.

१८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. ह्या ट्रस्टने जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत, आणि पाडलेल्यांतला गरीब शेजारच्या चाळीत आणखी दाटीने शिरला, हा आरोप खरा आहे व आम्ही तो मागे घेणार नाही. तरी ट्रस्टचे एक अधिकारी जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईच्या घरांतील उजेड आणि हवा ह्या विषयावर जे मांडले ते प्रत्येक कामगाराने पाठ करावे असे आहे. त्यांचा नियम साडेत्रेसष्ट अंशांचा. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या खोलीच्या भिंतीच्या पायाशी एक रेषा ओढावी. तिने जमिनीशी केलेला कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा असता कामा नये. भूमिती नको असेल त्याने एवढेच ध्यानात ठेवावे: समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे पाहिजे. चाळीस फुटी चाळीसमोर वीस फूट. आमच्या घरगल्लीत चार फूटही नव्हते.

म्हणजे आई फळीवर डबा ठेवून जे मोजीत होती, तेच ऑरसाहेबांनी कोनमापकाने मोजले होते. फरक इतकाच की तिच्या मापाला बारा दिवस लागत.

पुढे १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे चाळी बांधल्या, त्याच बी.डी.डी. चाळी. दोनशे सात इमारती, प्रत्येकीत ऐंशी खोल्या, प्रत्येक खोली एकशेसाठ चौरस फूट. इमारती एकमेकींपासून बऱ्याच मोकळ्या, ही सुधारणा मानली पाहिजे. पण खोल्या मधल्या अंधाऱ्या बोळाच्या दोन्ही अंगांना, आणि बाहेरचा उजेड यायचा तो एका बाजूनेच. इमारती पुऱ्या झाल्यावर वरळीच्या काही चाळींत १९३० च्या सत्याग्रहातले कैदी ठेवण्यात आले. घर आणि तुरुंग एकाच नकाशावर चालू शकतो, हे सरकारनेच सिद्ध केले. तरीसुद्धा त्या खिडक्यांतून पुढे नव्वद वर्षे तुळशी उभ्या राहिल्या. दक्षिणेकडची खिडकी मिळालेला भाडेकरू भाग्यवान, कारण आपल्या अक्षांशावर कार्तिकापासून माघापर्यंत, म्हणजे नेमक्या कोथिंबिरीच्या दिवसांत, सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. उत्तरेच्या खिडकीत ऊन येते ते मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, आणि त्यातले दोन महिने ढग खाऊन टाकतात.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीसंप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. गिरण्याच एकेक करून गेल्या. आम्ही तेव्हा अकरा-बारा वर्षांचे. पहिले काही महिने चाळीत सणासारखे वाटे, कारण सगळे बाप घरी. मग भांडी विकली जाऊ लागली. खाणावळीणबाईंच्या चुली विझल्या. ज्यांनी १९२८ पासून प्रत्येक संप उधारीवर जगविला, त्यांना ह्या संपाने बुडविले. त्या वर्षी आईचे डबे दोनाचे पाच झाले. पाच डब्यांच्या कोथिंबीर-मेथीने पोट भरत नाही, हे तिला कळत नव्हते असे नाही. पण पिठल्यावर काहीतरी हिरवे पडले की पोरे ते निमूट खात. पुढल्या मृगाच्या आधी आम्ही गावी आलो. बाबांनी पेटी उचलली, आईने मिरचीचे बी चिंधीत बांधून परत आणले. आजीने ते पाहिले, काही बोलली नाही, आणि परसात नेऊन पेरले.

ही हकीगत येथेच संपती तर आम्ही ती सांगत बसलो नसतो. मुंबईच्या गोवंडी-मानखुर्द भागात झोपडीवासीयांच्या व प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी गेल्या पंचवीस वर्षांत ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतल्या काहींत सात-आठ मजल्यांच्या इमारतींमध्ये अवघे तीन मीटरचे अंतर आहे. २०१८ साली डॉक्टरांच्या एका संस्थेने व मुंबईच्या आय.आय.टी.ने मिळून तेथे पाहणी केली, तेव्हा खालच्या मजल्यांवर, जेथे ऊन पोचत नाही, क्षयाचे रोगी अधिक आढळले. ऑरसाहेबांचा हिशेब लावा. आठ मजले म्हणजे बावीस-चोवीस मीटर. मध्ये मोकळे हवे अकरा-बारा मीटर. सोडले तीन. परक्या सरकारच्या एका अधिकाऱ्याने १९१२ साली जे किमान ठरविले, त्याचा चौथा हिस्सा आम्ही आमच्या स्वराज्यात देतो, आणि त्या घराची किल्ली देताना फोटो काढतो.

आणि हे मुंबईतच होते असे मानून रत्नागिरीकराने स्वस्थ बसू नये. काही वर्षांपूर्वी ह्याच जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या कामगार-वसाहतीचा प्रश्न आमच्याकडे आला. दोन मजली बराकी, पाठीला पाठ, मध्ये चार हातांची वाट. बायकांची तक्रार अशी की, दिवसा दिवा लावावा लागतो व विजेचे बिल पगारातून कापतात. व्यवस्थापनाचे गृहस्थ पुन्हा पुन्हा म्हणत, "खोल्यांत भरपूर उजेड आहे, ह्या बायकांना दिवसा दिवा लावायची सवयच आहे." आम्ही कायद्याची कलमे काढली, त्यांनी त्यांची काढली. तीन बैठका झाल्या.

चौथ्या बैठकीला तळमजल्यावर राहणारी एक कामगार बाई आमच्याबरोबर आली. मासे साफ करण्याच्या कामावर होती, कधी बोलत नसे. तिच्या पिशवीत तेलाचे दोन लहान पत्र्याचे डबे होते. दोन्हींत तिने एकाच दिवशी, एकाच पुडीतले धने पेरले होते. एक डबा वीस दिवस तिच्या खोलीच्या खिडकीत होता, दुसरा बराकीच्या बाहेर विहिरीच्या कठड्यावर. तिने दोन्ही टेबलावर ठेवले. एकात हिरवीगार, दोन बोटे उंच, पाने फुटलेली कोथिंबीर. दुसऱ्यात पांढरे दोरे, एका बाजूला लोळलेले. गृहस्थांनी विचारले, "हे दुसरे कसले बी?" बाई म्हणाली, "साहेब, बी तेच. खोली तुमची."

त्या बैठकीत आम्ही दुसरे काही बोललो नाही. आमच्या तीस वर्षांच्या कामात आम्ही पुष्कळ निवेदने लिहिली, त्यांतली बरीचशी आम्हांलाही आता आठवत नाहीत. हे डबे आठवतात. महिन्याभराने लेखी उत्तर आले. छपराच्या पत्र्यांत प्रत्येक खोलीवर एक पारदर्शक पत्रा बसविण्याचे व्यवस्थापनाने मान्य केले होते. म्हणजे आमच्या माजघरातले काचेचे कौलच, नव्या रूपात. चोवीस खोल्यांपैकी बारांना तो बसला. उरलेल्या बारा तळमजल्याच्या. त्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हते, दुसऱ्यांच्या खोल्या होत्या. त्यांच्यासाठी मधली वाट रुंद करण्याची मागणी आम्ही पुन्हा घातली आहे. ती अजून चालू आहे. डबे आणणारी बाई तळमजल्याचीच. तिचा डबा सध्या वरच्या मजल्यावर शेजारणीच्या खोलीत, पारदर्शक पत्र्याच्या खाली असतो, आणि जुडी दोघी वाटून घेतात.